पिठाची बिल्टी

मी बावीस वर्षं सरहद्दीवर काढली, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या छातीकडे बघतो, मग पोटाकडे, आणि मग त्याचा विश्वास उडतो. बरोबर आहे त्याचं. माझी सरहद्द बुलडाणा जिल्ह्याची. पलीकडचं परराष्ट्र म्हणजे औरंगाबाद जिल्हा, कारण जालना तेव्हा त्यातच मोडत होतं. आणि माझं हत्यार म्हणजे कार्बन घातलेलं बिल्टीबुक. देऊळगाव राजात गोवर्धनशेठची दोन ट्रकांची मालवाहतूक कंपनी होती, तिथं मी बुकिंग क्लार्क होतो.

बिल्टी म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. तुम्ही पोतं माझ्याकडे आणता. मी ते तोलतो, आत काय आहे विचारतो आणि कागदावर लिहितो: माल अमुक, नग अमुक, पाठवणार हा, घेणार तो. तो कागद म्हणजे बिल्टी. पलीकडच्या गावी ती दाखवली की माल सोडवता येतो. आमच्या धंद्यात माणसाच्या शब्दाला काही अर्थ नाही, बिल्टीला आहे, हे वाक्य मी नव्या गिऱ्हाइकांना फार ऐटीत ऐकवत असे.

महाराष्ट्र तेव्हा नवा कोरा होता. मराठी बोलणारे सगळे एका राज्यात आले म्हणून आम्ही मिरवणूक काढली, पेढे खाल्ले, घोषणा देऊन देऊन माझा तर घसा बसला. पुढं काही वर्षांनी धान्याची टंचाई आली आणि ज्वारीला जिल्हाबंदी झाली. माणसं एकत्र आली होती, ज्वारीची मात्र वाटणी झाली. या जिल्ह्याची ज्वारी परवान्याशिवाय त्या जिल्ह्यात न्यायची नाही! गंमत बघा. सातासमुद्रापलीकडची लाल मिलो ज्वारी जहाजात बसून मुंबईला उतरायची, तिथून आगगाडीनं, मग आमच्याच ट्रकनं रेशन दुकानात यायची. तिला कोणी हटकत नसे. आणि चिखलीकडची पांढरीशुभ्र ज्वारी आमच्या गावाहून तासाभराच्या वाटेवरच्या जालन्याला जाते म्हणाली, की ती चोर.

देऊळगावचा सगळा जीव जालन्यात. बाजार जालन्याचा, सोयरिका जालन्याकडच्या, दुखलंखुपलं तरी जालनाच. बुलडाणा आमचं जिल्ह्याचं ठिकाण, पण तिथं आम्ही कोर्टाच्या तारखेपुरते जायचो. अशा या रस्त्यावर एक दिवस एक आडवा बांबू, एक तंबू, एक बाकडं आणि एक कारकून असा नाका उभा राहिला. कारकुनाच्या हातात परखी. परखी म्हणजे पोत्यात खुपसून दाणे बाहेर काढायची लोखंडी नळी. या गृहस्थांना आम्ही कलमराव म्हणायचो, कारण कोणत्याही प्रश्नाला ते कलमाचा आकडा सांगत. प्यायचं पाणी कुठं आहे असं विचारलं, तरी आधी आकडाच सांगायचे.

पहिल्या दिवशी आमचे दोन्ही ट्रक नाक्यावर अडले. कासमभाई ड्रायव्हरनं ट्रकच्या सावलीत तीन दगड मांडून खिचडी शिजवायला घेतली आणि शेठनं डोक्याला हात लावला. "बुडालो ना बाबू आपण! आता ट्रकात काय कोंबड्या भरू काय?"

बुडालो काय! त्या बांबूनं आमचं भलं केलं. बंदी आली की माल थांबत नाही, फक्त वाट वाकडी होते, आणि वाकडी वाट म्हणजे जास्त भाडं. हे शेठला कळायला आठवडा लागला. मला दोन दिवस. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. म्हणजे तेव्हा मोठेपणा म्हणूनच सांगायचो.

पहिली युक्ती डोक्यावरची. माणसाला खाण्यापुरती थैली जवळ बाळगायला मुभा होती. आम्ही आसपासच्या वाड्यांतली माणसं रोजानं लावली. ट्रक अलीकडे उभा, तिथून थैली डोक्यावर, बांबूखालून पलीकडे, आणि पलीकडे दुसरा ट्रक तयार. कलमराव प्रत्येकाला विचारत, कुठं चाललास? प्रत्येक जण सांगे, सासरला. तिसऱ्या दिवशी ते वैतागले. "काय हो, आज अख्ख्या गावाचं सासर जालन्याले हाय काय?" त्यावर एक सत्तरीचे बाबा गंभीरपणे म्हणाले, "पहिलीचं नाही साहेब. माहं दुसऱ्या बायकोचं हाय."

मग एकाच कंपनीचे दोन्ही ट्रक नाक्याच्या दोन बाजूंना कसे, अशी विचारणा झाली. शेठनं कंपनीच कापली. अलीकडची त्यांच्या नावावर, पलीकडची मेहुण्याच्या. दोघं भागीदारी मोडल्याचं गावभर सांगत हिंडले, एकमेकांना शिव्या दिल्या आणि संध्याकाळी एकाच ताटात जेवले. शेठची बायको मात्र खरंच घाबरली होती.

तिसरी युक्ती माझी. बंदीचा कागद मी चारदा वाचला. आमच्या हातात आलेल्या त्या कागदात ज्वारी लिहिलेली होती. पीठ लिहिलेलं नव्हतं. मी शेठला म्हणालो, नाक्याच्या अलीकडे इंजिनाची चक्की टाका. ज्वारी इकडून चक्कीत शिरेल, पीठ होऊन तिकडून बाहेर पडेल आणि कलमरावांना रामराम करून जालन्याला जाईल. महिन्याभरात चक्की सुरू झाली. दौलत नावाचा चक्कीवाला ठेवला. जालन्याच्या खानावळींना तयार पीठ मिळू लागलं. ज्वारीचं पीठ थोड्या दिवसांत कडवट होतं, म्हणून आमचा माल रखडता कामा नये, म्हणून आमचं भाडं चढं, हेही मीच गिऱ्हाइकांना पटवलं.

यात एक मेख होती. बिल्टी मी देऊळगावात लिहायचो, तेव्हा पोत्यात ज्वारी असायची. नाक्यावर पोचेपर्यंत तिचं पीठ झालेलं असायचं. मग लिहायचं काय? मी ठरवलं, बिल्टीवर आधीच "पीठ" लिहायचं. आणि दौलतला नियम घालून दिला: आलेलं पोतं उघड, बिल्टी बघ. बिल्टीवर पीठ आणि पोत्यात ज्वारी असेल, तर दळ. दुसरा काही विचार करायचा नाही. दौलत नेक माणूस. त्यानं तो नियम कधी मोडला नाही.

असं चाललं होतं आणि माझ्या डोक्यात हवा गेली होती. तेव्हा मृगाच्या तोंडावर उंद्रीच्या सुभद्राबाई आल्या. साठीच्या, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट. चिखलीला एस.टी. बदलून, टपावर अर्धं पोतं टाकून आल्या होत्या.

"बाबू, हे माह्या लेकीले पोचवाचं हाय. रुखमीले. नाक्याच्या पल्याड देली हाय तिले. वाणीचं बी हाय हे."

वाणी म्हणजे आमच्याकडची जुनी हुरड्याची ज्वारी. कोवळं कणीस भाजून दाणे हातावर चोळले की दुधासारखा गोड वास सुटतो. सुभद्राबाईंनी पोत्याचं तोंड सोडून दाणे माझ्या तळहातावर ओतले. मधेमधे कडुलिंबाचा पाला टाकलेला होता, कीड लागू नये म्हणून.

"पोरानं औंदा सारं वावर हायब्रीड पेराचं ठरवलं," त्या म्हणाल्या. "हे बी थो बैलाले भरडून चारत होता. म्या भांडून काढून घेतलं. आता घरात एवढंच राह्यलं. माह्या सासूच्या सासूपासून चालत आलं हाय हे. अन् रुखमीचा नवरा भावाईपासून येगळा निंगाला. वाट्याले नाल्याकाठचा तुकडा आला. त्यात वाणी पेरून हुरडा इकीन म्हणते. जालन्याचे लोक हुरडा खाले तिच्या वावरात येतीन. बी नाही पोचलं तं साल गेलं तिचं."

मग त्यांनी अगदी बरोबर प्रश्न विचारला. "बियाले परवाना काढा लागते म्हणते?"

लागत होता. मिळतही होता. तलाठ्याचा दाखला, तहसीलचा शिक्का, दोन-चार खेटे. रडतरखडत का होईना, आठ दिवसांत काम झालं असतं. पण मी पडलो सरहद्दीचा राजा. मी म्हणालो, "आजी, परवान्याच्या नादी लागू नका. मी आहे ना!"

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणाची वाक्यं बोललो आहे, पण त्या "मी आहे ना"ची मला आजही लाज वाटते.

बेत साधा होता. बिल्टीवर नेहमीप्रमाणे "पीठ" लिहायचं. कासमभाईला तोंडी सांगायचं की हे पोतं चक्कीवर उतरवू नको, दळलेल्या पोत्यांच्या खाली दडवून तसंच पलीकडे ने. कलमरावांची परखी वरच्या थरापलीकडे कधी जात नसे, उकाड्यात त्यांना वाकायचा कंटाळा. बिल्टी लिहिली. आजींनी पोत्यावरून एकदा हात फिरवला आणि त्या परतीच्या गाडीला गेल्या.

तेवढ्यात अकोल्याचे एक बडे व्यापारी आमची पद्धत बघायला आले. शेठनं मला आत बोलावलं. "हे आमचे बाबू. ही सारी अक्कल यांची." झालं! मला खुर्ची मिळाली, चहा आला, आणि मी बंदी कशी वाकवावी यावर भाषण सुरू केलं. थैल्यांचं सांगितलं, सासरचं सांगितलं, पाहुणे खो खो हसले. कासमभाई दारात येऊन उभा राहिला. "बाबू, गाडी भरली. काही सांगाचं हाय काय?"

मी बोलण्याच्या भरात होतो. मी त्याला हातानंच खूण केली, जा म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी कासमभाई हसत हसत आला. "बाबू, काल थे येक पोतं काय होतं हो! चक्कीतून असा वास सुटला का दौलतनं इंजिन बंद करून मले बोलावलं. म्हणे, कासमभाई, हुंगून पाह्य. अशी जवारी म्या जिंदगीत नाही दळली."

"कोणतं पोतं?"

"थेच, लिंबाच्या पाल्यावालं. पाला बराबर येचून काढला त्यानं. काडीभर राहू देला नाही."

आणि मग मी काय केलं असेल? कासमभाईवर ओरडलो. अक्कल नाही, डोळे नाहीत, लिंबाचा पाला दिसला तर बी आहे हे कळायला नको? मग त्यानं खिशातून बिल्टीची प्रत काढून माझ्यापुढं टेबलावर ठेवली.

"अक्षर तुमचंच हाय ना बाबू? दौलतनं तुमचं अक्षर पाह्यलं अन् दळलं. तुम्हीच तं सांगेल हाय त्याले."

पीठ पलीकडच्या वखारीत पडलेलं होतं. कासमभाईच मला तिथून रुखमीच्या गावी घेऊन गेला. वाटेत त्याची माफी मागायची मला हिंमत झाली नाही.

रुखमी शेतात धसकटं वेचत होती. नाल्याकाठचा तो तुकडा तिनं असा साफ केला होता की खडा दिसत नव्हता. कडेला तिफण बांधून तयार. पोतं दिसताच ती धावत आली, दातानंच सुतळी तोडली आणि आत हात घातला. हात मनगटापर्यंत पांढरा होऊन बाहेर आला.

"हे काय जी?"

मी बंदीपासून सुरुवात केली. कलम, नाका, परखी, सरकारचं धोरण. निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या नावानं खडे फोडण्यात गेलेला माणूस मी, माझ्या तोंडून सरळ वाक्य येईना. तिनं मला थांबवलं.

"दळलं काय?"

"हो."

"सारं?"

"सारं. चूक माझी आहे, बाई."

ती तिथंच ढेकळावर बसली. तिचा नवरा आला, त्यानं पिठात बोट घालून पाहिलं आणि बैलांकडे परत गेला. त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मायले सांगतलं काय?" रुखमीनं विचारलं.

"नाही अजून."

"मंग सांगू नका. त्या बियापाई ते माह्या भावाशी भांडली, दोन महिने त्याच्याशी बोलली नाही. आता दळलं म्हणून समजलं तं ते खाटलं धरीन. मी दुसरं बी मागून पेरतो. तुम्ही पोचलं म्हणून सांगजा."

आणि तिनं बिल्टीवर अंगठा दिला. माल: पीठ. माल बरोबर मिळाला. कंपनीच्या दप्तरात त्या पोत्याबद्दल काही तक्रार नाही. उलट बिल्टीशी इतका तंतोतंत जुळलेला माल आम्ही क्वचितच पोचवला असेल. शेठला तर काही कळलंही नाही.

दरवर्षी आश्विनात देऊळगावला बालाजीची यात्रा भरते. सुभद्राबाई यात्रेला यायच्या, बालाजीचं दर्शन घ्यायच्या आणि तिथून सरळ माझ्या टेबलापाशी. "पोरीची वाणी कशी हाय बाबू? तू जातं ना तिकडं?" पहिल्या वर्षी मी म्हणालो, चांगली आहे. त्यांना तेवढं पुरेना. मग मी सांगितलं, कणसं भरदार आहेत. पुढच्या वर्षी सांगितलं, हुरड्याला जालन्याहून लोक येणार आहेत. एकदा तर पाखरं फार लागली म्हणून रुखमीनं राखणीचा माळा घातल्याचंही सांगून टाकलं. नसलेला माल लिहायचा माझा हात बसलेलाच होता. आजींचा चेहरा असा फुलायचा की मला पुढचं सुचत जायचं. खरं तर रुखमीनं पेरलेली मागून आणलेली ज्वारी साधीच निघाली. हुरडा खायला तिच्या शेतात कोणी आलं नाही आणि तिचा नवरा जालन्याच्या बाजारात हमालीला जाऊ लागला.

पुढं टंचाई सरली आणि एके दिवशी नाका उठला. लोकांनी तो बांबू होळीत टाकायला नेला. गोवर्धनशेठ त्या दिवशी जेवले नाहीत. "रस्ता मोकळा झाला बाबू," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "आता आपल्याले कोण इचारते!" मेहुण्याशी मोडलेली भागीदारी पुन्हा जोडायला गेले, तर मेहुण्याला मोडलेलीच आवडू लागली होती. चक्की बंद पडली. दौलत दुसऱ्या गावी गेला. बंदी उठवल्याबद्दल सरकारला शिव्या देणारं आमचंच एक ऑफिस त्या गावात असेल.

आणि त्या वर्षी सुभद्राबाई यात्रेची वाट न बघता उन्हाळ्यातच आल्या. आनंदात होत्या.

"नाका उठला म्हणते बाबू. आता तं काही अडचण नाही ना? रुखमीकून दोन पायल्या वाणी आणून देजो मले."

"काऊन, आजी?" मी विचारलं.

"पोराचं मन उडालं हायब्रीडवरून. भाकर गोड लागत नाही, कडबा बैल हुंगून सोडून देतात. काल मले म्हणे, माय, थे जुनं बी कुठीसा भेटीन काय? म्या म्हटलं, भेटीन ना! माह्या लेकीजवळ हाय. म्या राखून ठेवलं हाय." हे सांगताना त्यांनी छातीवर हात ठेवला.

मी आठ दिवसांनी या म्हणालो. ते आठ दिवस मी वाणी शोधत फिरलो. देऊळघाटपर्यंत गेलो. ज्याला विचारावं तो सांगे, होती, आता कोण ठेवते. शेवटी एकानं शपथ घेऊन दोन पायल्या दिल्या. दाणे पांढरे होते, टपोरे होते. मी स्वतःची समजूत घातली की ही वाणीच.

सुभद्राबाईंनी थैली सोडली, चार दाणे तळहातावर घेतले, एक दाढेखाली फोडला आणि थुंकला.

"हे वाणी नव्हं."

मी बिल्टीबुक पुढं ओढलं.

"बदललं तिनं बी. शेजारच्याचं मिसळू देलं असंल. येवढं येक काम सांगतलं होतं भवानीले, थेही नाही जमलं." त्यांनी तळहातावरचे दाणे झटकले. "आता मेली तरी तिच्या दारात पाय नाही ठेवत मी."

त्या थैली टाकून उठल्या. मी टेबलाच्या बाहेर येऊन त्यांच्या वाटेत उभा राहिलो.

"आजी, रुखमीनं नाही. ते बी पेरलंच गेलं नाही. पहिल्याच दिवशी आमच्या चक्कीवर दळलं गेलं. मी पीठ लिहिलं होतं आणि कासमभाईला सांगायचं विसरलो. रुखमी म्हणाली, मायले सांगू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अन् तू मले दरसाल कणसं सांगत होता?"

"हो."

चप्पल काढतील असं वाटलं. काढायला हवी होती. त्या बाकड्यावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भाकर तरी केली काय तिनं त्याची?"

"केली. त्याच दिवशी. मी नको म्हणत होतो, पण उपाशी जाऊ नका म्हणाली. मला वाढली, कासमभाईला वाढली."

"गोड होती?"

या वेळी मी काही रचलं नाही. "होती आजी. तशी भाकर मी पुन्हा खाल्ली नाही."

त्या उठल्या. थैली तिथंच राहिली. दारापर्यंत जाऊन वळल्या.

"घरी नातू हाय मले, चार वर्षाचा. त्यानं वाणी पाह्यली नाही. उद्या मोठा होऊन कोणाले इचारीन, वाणी कशी लागे, तं मी त्याले तुह्याकडं धाडीन. त्याले खरं सांगजो. मले सांगतलं तसं नोको सांगू."